शिंपला, शेवंड आणि हंस : अठराव्या शतकातील युरोपीय पोर्सेलीन कसे पारखावे

जुन्या सामानाच्या दुकानात, लिलावाच्या यादीत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरी काचेच्या कपाटात शिंपल्याच्या आकाराची, पोवळ्यांनी आणि शंखांनी मढवलेली पोर्सेलीनची वाटी दिसली की बहुतेक जण ती आधी उलटी करतात आणि बुडाची खूण शोधतात. निळ्या तलवारींची फुली (जर्मनीतील माइसेन कारखान्याची खूण) किंवा तांबडा नांगर (इंग्लंडमधील चेल्सी कारखान्याची) दिसला की शोध तिथेच थांबतो. माझे सांगणे नेमके उलट आहे. खूण सर्वांत शेवटी पाहावी. दोन रेषांची फुली कोणालाही काढता येते आणि गेली दोनशे वर्षे ती अनेकांनी काढली आहे. मात्र मातीचा पोत, साच्याची धार, रंगाची रसायने, सोन्याची जाडी आणि वापराची झीज या सगळ्यांची नक्कल एकाच वस्तूत साधणे फार अवघड असते. म्हणून कोणत्या क्रमाने काय पाहावे, हे इथे सविस्तर मांडले आहे.

आधी दोन अस्सल वस्तू ओळखीच्या कराव्यात

पारख तुलनेतून येते. त्यासाठी सागरी सजावटीच्या दोन निर्विवाद वस्तू डोळ्यांत बसलेल्या हव्यात.

पहिली म्हणजे माइसेनचा हंस-संच. युरोपातील पहिला कठीण पोर्सेलीनचा कारखाना जर्मनीतील सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने १७१० मध्ये माइसेन येथे उभारला. १७३३ पासून त्याचा कारभार काउंट हाइनरिश फॉन ब्र्यूल या बलाढ्य मंत्र्याच्या हाती आला आणि त्याने शिल्पकार योहान योआखिम केंडलर याच्याकडून स्वतःसाठी एक भोजनसंच घडवून घेतला. १७३७ मध्ये सुरू झालेले हे काम पुरे व्हायला सुमारे पाच वर्षे लागली. नग दोन हजारांहून अधिक झाले आणि शंभर पाहुण्यांची पंगत बसू शकेल एवढा तो संच होता. ‘ब्र्यूल’ या जर्मन शब्दाचा अर्थ पाणथळ जागा असा आहे, त्यामुळे संपूर्ण संचाची कल्पना पाण्याभोवती गुंफलेली आहे : हंस, बगळे, शंख-शिंपले, जलदेवता, डॉल्फिन. केंडलरने ड्रेस्डेनच्या संग्रहातील खरे शिंपले पाहून रेखाटने केली होती.

या संचातील एक साधी बशी समोर धरली आहे असे समजा. समोरून प्रकाश पडत असेल तर ती जवळजवळ कोरीच दिसते : काठावर ब्र्यूल आणि कोलोव्राट या दोन घराण्यांची जोडचिन्हे, विखुरलेली चिमुकली फुले आणि सोनेरी कड, एवढेच. बशी किंचित तिरकी करून खिडकीचा उजेड बाजूने घेतला की पांढऱ्यावर पांढरे चित्र उमटते. शिंपल्याच्या पन्हळी मध्यापासून काठापर्यंत पसरलेल्या असतात, मध्यभागी दोन हंस पाण्यावर तरंगत असतात, शेजारी लव्हाळ्यात एक लांब पायांचा पक्षी उभा असतो आणि तसाच दुसरा वरून उतरत असतो. उठाव कागदाच्या घडीइतका उथळ असतो, तरी पिसांच्या रेषा स्पष्ट असतात. माझ्या मते संपूर्ण अठराव्या शतकात मातीवर यापेक्षा नाजूक उठावकाम झालेले नाही.

दुसरी वस्तू इंग्लंडमधील चेल्सी कारखान्याची मीठ ठेवायची वाटी. तिचा कर्ता निकोलस स्प्रिमाँ हा मूळचा लिएज शहरातील चांदीकाम करणारा कारागीर होता. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात त्याने १७४२-४३ च्या सुमारास घडवलेल्या चांदीच्या मीठदाण्या आहेत, त्यांच्यावर खेकडे आणि क्रेफिश बसवलेले आहेत. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातील, आपल्या शेवंडासारखा दिसणारा, पण बोटभर लांबीचा प्राणी. १७४५ च्या सुमारास चेल्सीत स्प्रिमाँने हीच कल्पना पोर्सेलीनमध्ये उतरवली : खडबडीत खडकाचा पाया, त्यावर उघडा शिंपला, शिंपल्याला खेटून पहुडलेला क्रेफिश आणि भोवती बारीक शंख व शेवाळ. मीठ समुद्राचे, म्हणून वाटी शिंपल्याची, हा विचार तर त्यात आहेच. शिवाय मिठाने चांदी खराब होते, म्हणून चांदीच्या मीठदाणीला आतून सोन्याचा मुलामा द्यावा लागतो. पोर्सेलीनला ती अडचण नाही.

या दोन्हींची मोठी छायाचित्रे आणि मापे युरोप-अमेरिकेतील संग्रहालये आपापल्या संकेतस्थळांवर देतात. ती मापे वहीत उतरवून ठेवावीत, पुढे लागतील. प्रत्यक्ष पाहण्याचा सराव करायचा तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात माइसेनचे आणि फ्रान्समधील सेव्र कारखान्याचे पोर्सेलीन आहे. काचेआडून का होईना, अस्सल झिलई (वरचा काचेसारखा थर) किती खोल दिसते हे तिथे कळते.

बसण्याची तयारी

टेबलावर जाड टॉवेल अंथरावा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण पोवळ्याच्या फांदीत बांगडी अडकली तर फांदीच जाते. सुती हातमोजे घालू नयेत. झिलईवरून ते घसरतात. स्वच्छ, कोरडे हात उत्तम. वस्तू कधीही कानाने किंवा झाकणावरील मूर्तीने उचलू नये. एक हात बुडाखाली आणि दुसरा बाजूला असावा. सोबत दहापट भिंग, छोटी बॅटरी, मापाची फीत आणि नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसला अतिनील दिवा असला की साहित्य पुरे झाले.

पहिली तपासणी : माती

अठराव्या शतकात युरोपात दोन प्रकारचे पोर्सेलीन होत असे आणि हा फरक ओळखता आला की निम्मे काम झाले. केओलिन या पांढऱ्या मातीपासून केलेले आणि सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला भाजलेले ते कठीण पोर्सेलीन. माइसेनचे सगळे काम याच प्रकारचे आहे. ज्यांना केओलिन किंवा त्याची कृती मिळाली नव्हती त्यांनी काचेचा चुरा, पांढरी माती, कुठे हाडांची राख असे मिश्रण करून कमी आचेवर भाजले ते मृदू पोर्सेलीन. चेल्सी, बो, डर्बी हे इंग्लिश कारखाने आणि सुरुवातीचे सेव्र यांचे काम या प्रकारचे आहे.

ओळखण्यासाठी एखादा जुना टवका शोधावा. सागरी सजावटीत तो हटकून कुठेतरी सापडतो. भिंगातून पाहिल्यावर कठीण पोर्सेलीनचा टवका काचेसारखा गुळगुळीत आणि चमकदार दिसतो, झिलई कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. मृदू पोर्सेलीनचा टवका खडीसाखरेच्या तुकड्यासारखा दाणेदार असतो आणि वरची झिलई वेगळ्या थरासारखी दिसते. टवका नसेल तर खळगे पाहावेत : मृदू पोर्सेलीनवर शिंपल्याच्या पन्हळीत, खडकाच्या बेचक्यात झिलई साचलेली असते आणि रंग तिच्यात किंचित विरघळल्यासारखे दिसतात, कठीण पोर्सेलीनवर रंग वर बसलेले असतात आणि बोटाला जाणवतात. पूर्वी काही व्यापारी बुडावर कानस घासून पाहत असत. तसे कधीही करू नये.

त्यानंतर पातळ भागामागे बॅटरी धरावी. १७५० च्या दशकातील चेल्सीच्या बशांमध्ये उजेडात फिकट ठिपके दिसतात, मातीत अडकलेल्या हवेचे. जाणकार त्यांना ‘चंद्र’ म्हणतात.

हे सगळे कशासाठी, तर पुढच्या अनुमानांसाठी. चेल्सीचा नांगर असलेली वस्तू कठीण पोर्सेलीनची निघाली तर ती चेल्सीची नाहीच. बहुधा ती पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याची असते. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याने जुन्या नामवंत कारखान्यांच्या कामाच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर केल्या. सेव्रच्या खुणेतील गुंफलेल्या दोन ‘एल’ अक्षरांत १७५० च्या दशकाचे वर्षाक्षर (घडणीचे वर्ष सांगणारे अक्षर) असेल आणि माती कठीण असेल, तर तीही नक्कल, कारण सेव्रला फ्रान्समधील केओलिन १७६० च्या दशकाअखेरीस मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. विल्यम कुकवर्दी याने १७६८ मध्ये एकस्व घेऊन प्लिमथ येथे कठीण पोर्सेलीन काढले आणि त्याच्याकडे शिंपल्यांच्या मीठदाण्या व मिठाईच्या बशा बऱ्याच झाल्या. शिंपला इंग्लिश धाटणीचा आहे आणि माती कठीण आहे, म्हणून वस्तू लगेच नकली ठरवू नये.

दुसरी तपासणी : साचा आणि आकसणे

या कामाचा खरा गाभा इथे आहे आणि इथेच सर्वाधिक वेळ द्यावा.

सागरी सजावटीत अनेकदा खऱ्या शिंपल्यावरूनच साचा घेतला जात असे. पंख्याच्या आकाराचा शिंपला प्लॅस्टरमध्ये दाबला, साच्यात ओली माती बोटांनी दाबून बसवली, बाहेर काढून पायावर चिकटवली, असे ते काम. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला इथे एक अधिकची सोय आहे. तिसऱ्या, कालवे, शंख लहानपणापासून हातात खेळलेले असतात, त्यामुळे शिंपल्याच्या पाठीवरील वाढीच्या रेषा कशा जातात, बिजागरीकडे त्या कशा दाटतात, हे त्याला सांगावे लागत नाही. खऱ्यावरून घेतलेल्या साच्यात या रेषा अनियमित असतात, एखादी तुटते, एखादी दुसरीत मिसळते. मनाने कोरलेल्या शिंपल्यात त्या फणीच्या दातांसारख्या एकसारख्या असतात.

ओली माती सुकताना आणि भाजताना आकसते. कठीण पोर्सेलीनमध्ये लांबी सुमारे सहाव्या भागाने घटते. नक्कल करणाऱ्याकडे मूळ साचा नसतो. तो तयार वस्तूवरूनच साचा घेतो, त्यामुळे त्याची वस्तू पुन्हा एकदा आकसते. मूळ बशी २४ सेंटिमीटरची असेल तर तिच्यावरून घेतलेली नक्कल साधारण २० सेंटिमीटरची निघते. आधी उतरवलेली मापे इथे कामी येतात. सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात लहान असलेली आणि बारीक तपशील बोथट झालेली वस्तू म्हणजे वस्तूवरून घेतलेली वस्तू. उलट माप जुळले म्हणून वय सिद्ध होत नाही, कारण माइसेनने हंस-संचाचे नमुने नंतरच्या काळातही पुन्हा काढले आणि ती कारखान्याची अस्सल, पण नव्या काळातील कामे आहेत. अशा वेळी उठावाची धार आणि काठावरील घराण्यांची चिन्हे पाहावीत. चिन्हे नसलेली, अगदी पांढरी किंवा केवळ सोनेरी कडेची हंस-बशी ब्र्यूलच्या टेबलावरची असण्याचा संभव फारच कमी असतो.

पोकळ भागाच्या आत बोट घालून पाहावे. माती हाताने दाबलेली असेल तर जाडी कमी-जास्त लागते, बोटांचे दाब आणि पुसल्याच्या खुणा जाणवतात. पातळ चिखल साच्यात ओतून केलेल्या वस्तूची भिंत सर्वत्र सारखी असते आणि बाहेरचा उंचवटा आत खळगा होऊन उमटतो. मात्र डर्बीसारख्या कारखान्यात ओतकाम अठराव्या शतकातही होत असे, म्हणून या एकाच गोष्टीवरून निकाल देऊ नये.

शेवटी चिकटवलेले तुकडे पाहावेत. चेल्सीच्या मीठदाणीवरील बारीक शंख एकेक करून हाताने बसवलेले असतात. भिंगातून त्यांच्या बुडाशी चिकटवायला वापरलेल्या पातळ मातीची किनार दिसते. नकलेत पुष्कळदा खडक, शेवाळ आणि शंख एकाच साच्यातून आलेले असतात आणि शंखाखाली सावली धरणारी फट नसते. नखाचे टोक अलगद फिरवले तरी फरक कळतो.

तिसरी तपासणी : रंग आणि सोने

शेवाळ हिरवे असते, म्हणून सागरी सजावटीत हिरवा रंग असतोच आणि तोच वय सांगतो. अठराव्या शतकातील हिरवा तांब्यापासून होत असे. तो पारदर्शक, थोडा निळसर आणि असमान असतो. क्रोमियम हे मूलद्रव्य वोक्लाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये शोधले आणि त्यापासूनचा दाट, सपाट, गवतासारखा हिरवा त्यानंतरच पोर्सेलीनवर आला. क्रोमचा हिरवा दिसला की १७५० चे म्हणून सांगितलेले काम एक तर नंतरचे असते, नाहीतर नंतर रंगवलेले असते. दुसरी शक्यता विसरू नये : कोऱ्या अस्सल वस्तूवर पुढच्या शतकात रंग चढवून तिची किंमत वाढवण्याचा उद्योग बराच झाला आहे. कोऱ्या मीठदाण्याही तितक्याच अस्सल आणि माझ्या दृष्टीने अधिक सुंदर असतात, कारण त्यांत शिल्प उघडे राहते.

सोन्याकडे तिरप्या उजेडात पाहावे. जुने सोने मधात खलून लावलेले, जाडसर, मऊ तेजाचे असते आणि ते घासून चकाकवलेले असते. १८३० च्या सुमारास माइसेनमध्येच द्रवरूप चकाकीचे सोने निघाले, ते अतिशय पातळ आणि आरशासारखे झगझगीत असते. घासल्या गेलेल्या जागी ते लगेच निघून जाते.

चौथी तपासणी : बूड, झीज आणि खूण

आता वस्तू उलटी करावी. बशीच्या पुढच्या बाजूला सुरी-काट्याचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना, कमी-अधिक खोल असतात. मुद्दाम केलेले ओरखडे एका दिशेने, एका जोराने पडलेले असतात. बुडाच्या कडेची झीज जिथे वस्तू खरोखर टेकते तिथेच असायला हवी. चेल्सीच्या बशांखाली भट्टीतील टेकूंचे तीन-चार बारीक व्रण असतात.

खुणांबाबत थोडक्यात एवढे पुरे. माइसेनच्या तलवारी झिलईखाली निळ्या रंगात असतात. तलवारींवरून आडवी चीर कोरलेली असेल तर तो नग कारखान्याने दुय्यम किंवा कोरा म्हणून विकलेला असतो. चेल्सीचा क्रम कोरलेला त्रिकोण, उठावातला नांगर, तांबडा नांगर आणि सोनेरी नांगर असा १७४५ ते १७६९ या काळात जातो. खरा तांबडा नांगर फारच बारीक असतो, सहसा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि आडबाजूला दडलेला असतो. ठळक, मधोमध काढलेल्या नांगरावर विश्वास ठेवू नये. बुडावर देशाचे नाव इंग्रजीत छापलेले असेल तर वस्तू बहुतेक १८९१ नंतरची असते, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर तसे लिहिणे सक्तीचे झाले.

मोडतोड आणि जोड

शिंपल्याची वाटी स्वतः मजबूत असते, तुटते ते तिच्या भोवतीचे : क्रेफिशच्या नांग्या आणि मिशा, पोवळ्याची टोके, हंसाची मान, डॉल्फिनची शेपटी. अडीचशे वर्षे वापरलेल्या वस्तूवर यांतले सगळे शाबूत असेल तर आनंद होण्याआधी शंका यावी. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की पुष्कळदा जोडकामाचा रंग आणि डिंक आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळे उजळतात. दिवा नसेल तर ओठाचा स्पर्श उपयोगी पडतो : झिलई थंड लागते, रंगाचा लेप कोमट आणि किंचित चिकट. नखाने हलकी टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे.

हे मला किंमत देऊन कळले. घरात आलेल्या एका शिंपल्याच्या बशीवर धुळीचा थर होता, म्हणून ती कोमट पाण्यात, सौम्य साबण घालून ठेवली. दहा मिनिटांनी पाहिले तेव्हा पोवळ्याची एक फांदी सुटून तळाशी पडली होती आणि जोडाच्या जागी तपकिरी डिंक फुगून वर आला होता. कोणीतरी पूर्वी ती चिकटवून, वरून रंग देऊन झाकले होते आणि मी वर सांगितलेली तपासणी न करताच बशी पाण्यात घातली होती. जोड दिसो वा न दिसो, अशी वस्तू कधीही पाण्यात बुडवू नये.

धुणे आणि वापरणे

धूळ मऊ ब्रशने झाडावी. डाग असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा ओला करून, पिळून, एकेक भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. सोन्यावर घासू नये. ब्लीच आणि भांडी धुण्याचे यंत्र वर्ज्य. धातूच्या टाचा मारून सांधलेली जुनी भांडी मुंबई-कोकणच्या दमट हवेत विशेष जपावी लागतात, कारण लोखंडी टाच गंजली की गंजाचा डाग मातीत उतरतो.

या भांड्यांतून जेवण वाढू नये. मृदू पोर्सेलीनच्या झिलईत शिसे असते आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांत ते उतरू शकते.

नोंद, मूळ आणि कायदा

प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून, तिरप्या उजेडात आणि प्रत्येक टवक्याचे जवळून छायाचित्र घ्यावे. मापे, वजन आणि ती कोणाकडून कधी आली हे लिहून ठेवावे. हंस-संचाबाबत मुळाची चौकशी केवळ औपचारिक नाही. ब्र्यूल घराण्याच्या फ्योर्टेन येथील वाड्यात, जे आज पोलंडमधील ब्रोडी आहे, हा संच पिढ्यानपिढ्या राहिला. १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस तो लुटला गेला, बराचसा फुटला, उरलेला विखुरला. म्हणून असा नग विकायला आला तर १९४५ पूर्वी तो कुठे होता आणि तिथून कसा बाहेर पडला, हे कागदोपत्री विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तो घेऊ नये.

भारतात असलेली शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली येते. परदेशी राहणाऱ्या मुलीला आजीची बशी पाठवायची म्हणून ती बॅगेत भरून विमानतळावर नेऊ नये. वस्तू जुनी आहे की नंतरची प्रतिकृती, हे आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारून लेखी घ्यावे. ती शंभर वर्षांच्या आतील ठरली तर तेच पत्र सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवता येते.